पडला तर, पडला तरी, पडूनही

‘पण’ आणि ‘तरी’ या दोन शब्दांवर बोला, असे रेडिओ केंद्राने सांगितले आहे. ‘पण’ला शाळेत आपण न्यूनत्वबोधक उभयान्वयी अव्यय म्हणून पाठ केले. ते नाव विसरलात तरी बिघडत नाही. तालुक्याच्या पूर्वेकडच्या भोंगवली गावचा माणूस म्हणतो, ‘तालुका आमचाच, पण पाऊस सगळा पश्चिमेला.’ जोर पडतो तो ‘पण’च्या पुढच्या भागावर. ‘मुलगा हुशार आहे, पण तापट आहे’ म्हटले की स्थळ बारगळले समजा. ‘तापट आहे, पण हुशार आहे’ म्हटले तर बोलणी पुढे सरकतात.

माझा जीव मात्र अडकलाय ‘तरी’मध्ये. ‘पाऊस पडला तर पेरू.’ ‘पाऊस नाही पडला तरी पेरू.’ ‘तर’ला वेलांटी लागली आणि अटच मोडीत निघाली! पावसाची वाट न पाहता धूळवाफेवर पेरणारा दुसरे काय करतो?

आता हे ऐका. ‘पाऊस पडला तरी बाजारला जाईन’ म्हणताना आभाळात ढगसुद्धा नसेल. ‘पाऊस पडूनही बाजारला गेलो’, इथे पाऊस पडलाच आहे. पुन्हा सांगतो, ‘पडूनही’ला घडलेली गोष्ट लागते, ‘पडला तरी’ला न घडलेलीही चालते. ‘उद्या पाऊस पडूनही जाईन’ असे म्हणून बघा, जीभ अडेल. हा नियम भोंगवलीच्या आजीला कोणी शिकवला नाही, आणि ती तो कधी मोडत नाही.

असे शब्द दुसऱ्या भाषांतही असतात. डच भाषेत ‘मार’ म्हणजे पण. त्याने पुढच्या वाक्यातला शब्दक्रम हलत नाही. ‘हूवेल’ म्हणजे जरी. ते आले की त्या उपवाक्यातले क्रियापद थेट शेवटी जाऊन बसते, आणि शिकणारा गोंधळतो. आपले क्रियापद एरवीही शेवटीच असते, म्हणून आपली त्यातून सुटका.

पण सुटका झाली म्हणून वाटेल तसे लिहायचे का? ‘जरी पाऊस कमी झाला, पण पीक चांगले आले’ असली वाक्ये मी रोज वाचतो. अहो, ‘जरी’ची जोडी ‘तरी’शी! ‘जरी’ गाळा हवा तर, ‘तरी’ गाळू नका. आणि ‘परंतु तरीपण’ हे काय? एका गाड्याला तीन बैल?

‘तथापि’ आणि ‘उलट’ राहिलेच, वेळ संपली. शिक्षकांना एवढीच विनंती, मुलाच्या वहीत ‘जरी’ दिसला की पुढे ‘तरी’ शोधा. नसेल तर लाल शाईची खूण करा.