अनाहूत विमान

आमचे राहणे उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात. गावाच्या नावापुढे हा 'कॅम्प' कशासाठी, असे नवखा मनुष्य हटकून विचारतो. दुसऱ्या महायुद्धात येथे सैन्याची मोठी छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच बराकींत आसरा मिळाला, आणि १९४९ साली या वसाहतीस 'उल्हासनगर' हे नाव प्राप्त झाले. जवळच नेवाळीस त्याच युद्धकाळात बांधलेली धावपट्टी आहे. तेव्हा लष्करी वस्तू मुलकी वस्तीत मिसळून गेल्याचे आम्हांस विशेष नवल वाटत नाही.

तथापि, परवा संध्याकाळी गच्चीवर बसलो असता माझा नातू एकाएकी म्हणाला, "आजोबा, हे विमान निराळे आहे!" पाहतो तो करड्या रंगाचे, जाड पोटाचे, पंख पाठीवर घेतलेले विमान मुंबईच्या रोखाने चालले होते. आपले की परक्यांचे, ते कळेना. थोड्याच वेळात ते दिसेनासे झाले. पण नातवाचा पुढचा प्रश्न मात्र मागे राहिला. "परक्या देशाचे लष्करी विमान आपल्या साध्या विमानतळावर उतरले तर?" आज त्या प्रश्नाचेच उत्तर आपणांपुढे मांडावयाचे आहे.

प्रथम कायदा पाहू. १९४४ साली शिकागो येथे राष्ट्राराष्ट्रांत विमानवाहतुकीचा करार झाला. त्याच्या तिसऱ्या कलमान्वये सैन्य, जकात व पोलीस या खात्यांची विमाने सरकारी समजली जातात, आणि खास परवानगीवाचून त्यांस दुसऱ्या देशावरून उडता येत नाही की तेथे उतरता येत नाही. पस्तिसाव्या कलमाने मुलकी विमानांसही परवानगीवाचून युद्धसामग्री नेण्याची मनाई आहे. नियम स्वच्छ आहे. परंतु नियम कागदावर असतो आणि विमान आकाशात असते. त्या दोहोंची गाठ घालून देणारा कोणी माणूसच लागतो.

तो माणूस जागा नसला म्हणजे काय होते, हे १९९५ च्या डिसेंबरात दिसून आले. 'अंतोनोव्ह-२६' हे सोव्हिएत बनावटीचे, दोन पंख्यांचे मालवाहू विमान. पंख पाठीवर असल्यामुळे त्याचे पोट जमिनीलगत राहते. शेपटीखालचे दार उतरंडीसारखे उघडते, आणि तेच दार उडता उडता पोटाखाली सरकवून माल खाली सोडता येतो; चालत्या बैलगाडीच्या मागून गोणी ढकलावी, तसा. ही घडण मूळची सैन्याच्या सोयीची. पण या विमानाची नोंद मात्र लाटव्हियातील मुलकी विमान म्हणून होती.

१७ डिसेंबरला हे विमान कराचीहून वाराणसीस उतरले, तेथे इंधन घेतले आणि रात्री पुन्हा उडाले. त्याच रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात शेकडो एके-४७ बंदुका आणि दहा लाखांहून अधिक काडतुसे आकाशातून खाली पडली. सकाळी गावकऱ्यांना शेतांत पेट्या सापडल्या. इकडे विमान कलकत्त्यास उतरून, पुन्हा इंधन घेऊन, थायलंडातील फुकेतकडे निघून गेले होते. अशा काही कारस्थानाची आगाऊ सूचना ब्रिटनकडून आपल्या सरकारला मिळालेली होती, हे येथे मुद्दाम सांगावयास हवे. म्हणजे वार्ता आली होती आणि विमानही डोळ्यांसमोर उभे राहिले होते. त्या दोहोंची सांगड मात्र वेळेवर पडली नाही.

चार दिवसांनी तेच विमान फुकेतहून मद्रासला आले आणि तेथून कराचीकडे निघाले. या वेळी वायुसेनेने त्यास आकाशात गाठले आणि २१ व २२ तारखांच्या दरम्यानच्या रात्री मुंबईच्या विमानतळावर उतरण्यास भाग पाडले. वैमानिक मंडळी पाच आणि पीटर ब्लीच हा इंग्रज गृहस्थ पकडले गेले. परंतु 'किम डेव्ही' या नावाने वावरणारा नील्स हॉक हा डॅनिश इसम त्या गडबडीत विमानतळावरून निसटला. पकडलेल्या सहाही जणांस २००० साली जन्मठेप झाली; पुढे माफी मिळून ते सुटले. हॉकला भारताच्या स्वाधीन करण्यास डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ साली नकार दिला, आणि २०२४ सालीही.

ही हकीकत वाचली तेव्हा मी शाळेत शिकवीत होतो. त्याच वर्षी आमच्या शाळेत एक प्रसंग घडला होता. एक सुटाबुटातले गृहस्थ मधल्या सुट्टीत एका मुलास न्यावयास आले. आमच्या शिपायाने त्यांस फाटकातच थांबवून नाव, नाते आणि आईची चिठ्ठी विचारली. ते त्या मुलाचे खरेच मामा निघाले आणि अर्थातच संतापले. मी त्यांची क्षमा मागितली आणि सगळ्यांदेखत शिपायास बोललो, "माणूस पाहून तरी विचारावे!" त्याने मान खाली घातली. पुरुलियाची बातमी वाचल्यावर मला ते वाक्य आठवले व शरम वाटली. माणूस पाहून न विचारणे, यातच तर सारा घोटाळा असतो! दुसऱ्या दिवशी सगळ्यांदेखतच मी त्या शिपायाची माफी मागितली. तो एवढेच म्हणाला, "गुरुजी, मामा असले तर चिठ्ठी दाखवायला त्यांना काय अडचण?"

शिपायाचे हे म्हणणे विमानासही लागू पडते. २००९ च्या जून महिन्यात 'अंतोनोव्ह-१२४' हे चार इंजिनांचे अवाढव्य विमान मुंबईस असेच उतरविण्यात आले. त्याचे पंख टोकापासून टोकापर्यंत त्र्याहत्तर मीटर भरतात, आणि नाकाड वर उचलून ते समोरूनही माल घेते. अमेरिकन सैन्यासाठी भाड्याने घेतलेले हे विमान दिएगो गार्सिया बेटावरून अफगाणिस्तानातील कंदाहारला चालले होते. त्याच्या बिनतारी संदेशातील ओळखीचे नाव लष्करी की मुलकी, यावरून शंका उत्पन्न झाली. विचारपूस झाली, परवानगीची पूर्तता झाली आणि विमान मार्गस्थ झाले. कोणाचे काही बिघडले नाही.

आणि याच घडणीचे विमान देवासारखे धावून आल्याचेही आपण पाहिले आहे. २०२१ च्या एप्रिलअखेरीस, करोनाच्या लाटेत माणसे श्वासासाठी तळमळत असता, अमेरिकन वायुदलाचे प्रचंड मालवाहू विमान दिल्लीच्या मुलकी विमानतळावर उतरले. त्याच्या पोटातून बंदुका नव्हे, प्राणवायूच्या नळकांड्या बाहेर आल्या. तेही परक्याचे आणि लष्करीच विमान होते. पण ते विचारून आले होते.

तेव्हा नातवाला मी असे सांगितले : विमानाची आकृती त्याची शक्ती सांगते आणि कागद त्याचा मालक सांगतो; हेतू मात्र विचारल्यावाचून कळत नाही. परके विमान पाहून भिण्याचे कारण नाही, तसेच 'असेल कोणाचे तरी' म्हणून मान फिरवणेही बरे नव्हे. विचारण्याने सज्जनाचा अपमान होत नाही. आणि एकदा विचारावयास घेतले म्हणजे शेवटच्या उतारूपर्यंत विचारावे. विमान खाली आले एवढ्याने काम संपत नाही, हे मुंबईच्या त्या रात्रीने शिकविले आहे.

वाराणसीस आणि कलकत्त्यास त्या विमानात इंधन भरले गेले, तेव्हा आमच्या शिपायासारखा एखादा माणूस तेथे उभा असता तर! एवढेच मनात येते.