जुनी मालमोटार : घरची देखभाल आणि तिची मर्यादा

(मालमोटार मालक व चालक यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



खंडेनवमीला आपण मालमोटार धुतो, झेंडूचा हार घालतो, पान्यांना कुंकू लावतो. वर्षातील उरलेल्या दिवसांत मात्र ती कोठेतरी बंद पडेपर्यंत तिच्याकडे पाहावयास आपल्याला सवड होत नाही. आज मला त्या उरलेल्या दिवसांविषयी बोलावयाचे आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या गाड्या पंधरा-वीस वर्षांच्या आहेत. नवी गाडी घेण्याची ऐपत नाही आणि प्रत्येक लहान कामासाठी शहरातील गॅरेज गाठणेही परवडत नाही. तेव्हा घरची देखभाल हा हौसेचा विषय नसून तो आपल्या चरितार्थाचा प्रश्न होय. सुदैवाने जुन्या गाड्यांतील पुष्कळशी यंत्रणा पाना, ग्रीसगन आणि डोळस नजर यांना दाद देते.

सकाळी इंजिन सुरू करण्यापूर्वी गाडी सपाट जागी असताना तेलाची पातळी पाहावी. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे आणि इंजिन सुरूच करू नये. रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. एअर ब्रेकच्या टाकीतील पाणी रोज काढून टाकावे. हवेतील दमटपणाचे टाकीत पाणी होते व त्यामुळे आतील झडपा गंजतात. इंजिन बंद केल्यावर हवेच्या दाबाचा काटा भराभर उतरू लागला, तर सांध्यांवर साबणाचे पाणी लावून पाहावे. जेथे बुडबुडे येतील तेथे गळती आहे.

धूरही पुष्कळ काही सांगतो. काळा धूर बहुधा कोंदलेला एअर फिल्टर किंवा जादा जळणारे डिझेल दाखवितो. निळसर धूर इंजिनात वंगण जळत असल्याची खूण आहे. डिझेल फिल्टर बदलल्यावर इंजिन सुरू होत नसेल, तर नळीत हवा राहिलेली असते. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून, बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप चालवावा. किंगपिन, पाट्यांच्या पिना आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस यांना ग्रीस देताना प्रथम तोंडावरील चिखल पुसावा, अन्यथा ग्रीसबरोबर मातीही आत जाते. चाक बदलल्यानंतर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळणे अगत्याचे आहे. काढलेले तेल ओढ्यात वा विहिरीजवळ ओतू नये. ते डब्यात साठवून अधिकृत खरेदीदाराकडे द्यावे.

ही सर्व कामे आपली आहेत. परंतु आपली नसलेली कामे ओळखणे याहूनही महत्त्वाचे आहे, आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही.

१९८७ सालच्या पावसाळ्यात आम्ही अंगणात वडिलांच्या ट्रकचा मागील पाटा बदलत होतो. जॅक थेट मातीवर लावला होता. फळी नव्हती, ॲक्सलखाली ठोकळा नव्हता. ओली जमीन दबली आणि जॅक कलला. मी बाहेर सरकलो, पण डावा हात आत राहिला. त्या हाताची दोन बोटे आज नाहीत. क्षणभरापूर्वी त्याच जागी माझा धाकटा भाऊ पाना देण्यासाठी वाकला होता. बोटांपेक्षा ही आठवण मला अधिक छळते.

म्हणून सांगतो, केवळ जॅकच्या आधारावर असलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. चाकांना ठोकळे आणि ॲक्सलखाली भक्कम आधार दिल्यावाचून काम सुरू करू नये. रिंग असलेल्या चाकाची हवा पूर्ण काढल्याशिवाय ते खोलू नये आणि हवा भरताना रिंगेसमोर उभे राहू नये. उडालेली रिंग प्राण घेते. स्प्रिंग ब्रेकचा डबा घरी मुळीच उघडू नये, कारण आतील स्प्रिंग प्रचंड ताणाखाली दाबलेली असते. ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्या दुरुस्तीत काटकसर करू नये. कसाऱ्याचा किंवा खंबाटकीचा घाट उतरताना तापलेल्या ब्रेकवर केवळ आपलाच नव्हे, तर पुढे असलेल्या एस. टी. मधील प्रवाशांचाही जीव अवलंबून असतो.

शेवटी एक लहानशी सूचना करतो. गाडीत एक वही ठेवा. तेल केव्हा बदलले, ग्रीस केव्हा दिले, कोणता आवाज केव्हापासून येतो, हे तारखेसह लिहा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार आठ वर्षांहून जुन्या मालवाहू वाहनाच्या योग्यता प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. ती तपासणी वर्षातून एकदाच होते. उरलेल्या दिवसांचे तपासनीस आपणच आहोत.

येत्या खंडेनवमीला हार घालाल, तेव्हा ती वहीही पूजेत ठेवा. मात्र तिची पाने भरलेली असू द्या.