वेगवान मोटारसायकली : सामर्थ्याचा आदर, धोक्याची जाण

(रुग्णालयाच्या सभागृहात तरुण व पालक यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



रुग्णालयाने रोगांविषयी बोलावे, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. आज आम्ही मोटारसायकलीविषयी बोलणार आहोत, याचे कारण एका आकड्यात आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 या एका वर्षात देशात 1,68,491 व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडल्या. त्यांतील सुमारे 44 टक्के दुचाकीवर होत्या. हेल्मेट न घातल्यामुळे प्राण गमावलेल्यांची संख्या 50,029 होती आणि त्यांत मागे बसलेले 14 हजारांहून अधिक होते. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते, तर आपण स्वस्थ बसलो नसतो.

मोटारसायकलीची आवड वाईट आहे, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उत्तम यंत्राचे आकर्षण तरुणपणी वाटणे स्वाभाविक आहे आणि या यंत्रांच्या निर्मितीत महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. 1980 च्या दशकात 'राजदूत 350' सारखी जोरकस गाडी क्वचितच दृष्टीस पडे. 2001 साली बजाजची पल्सर आली आणि वेगाची हौस मध्यमवर्गीय घरांच्या आवाक्यात आली. 2013 मध्ये पुणे जिल्ह्यातील चाकण येथे तयार होणारी केटीएम 390 ड्यूक बाजारात आली. नेहमीच्या 100 सीसी गाडीची ताकद सुमारे 8 अश्वशक्ती असते; या गाडीची 43 च्या आसपास. ताकद पाचपट आणि वजन जेमतेम दीडपट. गेल्या चाळीस वर्षांत गाडी इतकी बदलली, परंतु ती चालवणाऱ्याची कवटी, मणका आणि मेंदू पूर्वी होते तसेच राहिले. आजच्या भाषणात आम्हास सांगावयाचे आहे ते एवढेच.

वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते. याचा अर्थ आपल्या परिसराच्या भाषेत सांगतो. ताशी 40 किलोमीटर वेगाने जाणारे शरीर भिंतीसारख्या स्थिर वस्तूवर आदळले, तर तो आघात सुमारे 6 मीटर उंचीवरून, म्हणजे दुसऱ्या मजल्यावरून पडण्याएवढा असतो. 60 च्या वेगाला ही उंची 14 मीटर होते, म्हणजे भाईंदर पूर्वेतील जुन्या चार मजली इमारतीची गच्ची. 80 च्या वेगाला ती 25 मीटर, म्हणजे आठवा मजला. कठडा नसलेल्या गच्चीच्या कडेला आपण कोणी उभे राहणार नाही. परंतु काशिमिऱ्याहून महामार्गाला लागल्यावर काही क्षणांत ती उंची आपण गाठलेली असते आणि तिची भीती वाटत नाही, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

थांबण्याचा हिशेबही असाच आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर 40 च्या वेगाला गाडी 20 ते 25 मीटरांत थांबते. 80 च्या वेगाला 60 मीटरांहून अधिक अंतर लागते. पावसाळ्यात हे अंतर आणखी वाढते. पहिल्या सरींनंतर रस्त्यावर तेलाचा थर सुटतो, पांढरे पट्टे निसरडे होतात आणि खड्डे पाण्याखाली दडतात. 125 सीसीहून मोठ्या सर्व नव्या गाड्यांना 1 एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचे आहे. ही यंत्रणा चाक जखडू देत नाही, ही मोलाची गोष्ट आहे. तथापि अतिवेगाने घेतलेले वळण ती सरळ करू शकत नाही.

म्हणून सामर्थ्याचा आदर म्हणजे काय, तर ते टप्प्याटप्प्याने शिकणे. लहान गाडीवर हात बसल्याशिवाय मोठी गाडी घेऊ नये. पुढच्या ब्रेकची धास्ती बाळगून केवळ मागचा दाबण्याची सवय अनेकांना असते. वास्तविक थांबवण्याची अधिक ताकद पुढच्या चाकात असते. मोकळ्या जागी, कमी वेगात, दोन्ही ब्रेक एकत्र आणि हळूहळू दाबण्याचा सराव करावा. वेग वळणापूर्वी कमी करावा, वळणात शिरल्यावर नव्हे. भल्या पहाटे घोडबंदरच्या रस्त्याने चढाओढ लावणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे की तोच रस्ता अवजड वाहनांचा आहे. आई किंवा बहीण मागे एका बाजूस बसलेली असताना तर गाडीची ताकद वापरण्याचा विचारही मनात आणू नये. साडीचा पदर वा ओढणी चाकात जाणार नाही, हे निघण्यापूर्वी पाहावे.

हेल्मेटविषयी थोडे. डोके आदळून थांबते, तेव्हा आतला मेंदू मात्र पुढे जात राहतो आणि कवटीवर आपटतो. हेल्मेटमधील थर्माकोलसारखा थर चेपला जातो व तो धक्का सौम्य करतो. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यानुसार हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा 69 टक्क्यांनी घटतो. परंतु आयएसआय चिन्ह नसलेले, पट्टा न बांधलेले किंवा कोपरात अडकवलेले हेल्मेट काहीही वाचवीत नाही.

पालकांना आमची विनंती आहे. दहावी-बारावीच्या निकालाचे बक्षीस म्हणून गाडीची किल्ली देऊ नये. 2019 च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालकास 3 वर्षांपर्यंत कारावास व 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. कर्ज काढून गाडी घेणाऱ्या घरात पुष्कळदा तोच मुलगा उद्याचा कमावता असतो. त्याच्या मणक्याला इजा झाली, तर हप्ते चालूच राहतात आणि घराचा आधार अंथरुणाला खिळतो.

शेवटी, अपघात दृष्टीस पडल्यास थांबा. 108 क्रमांकावर दूरध्वनी करा. जखमीची मान हलवू नका, पाणी पाजू नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट ओढून काढू नका, रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने दाबून धरा. मदत करणाऱ्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 134अ ने संरक्षण दिले आहे.

अपघात विभागातील खाटा तरुणांनी भरू नयेत, हीच आमची इच्छा आहे. आज येथून परतताना प्रत्येकाने हेल्मेटचा पट्टा बांधून निघावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.