संग्रहित छायाचित्र

वर्तमानपत्रातल्या काही फोटोंखाली अगदी बारीक टायपात दोन शब्द छापलेले असतात : ‘संग्रहित छायाचित्र’. आपण ते सहसा वाचत नाही. जुलैत हिंदमाताला पाणी तुंबतं तेव्हा बातमी आजची असते, पण गुडघाभर पाण्यातून साडी सावरत चाललेली बाई तीन वर्षांपूर्वीची असते. कांद्याचे भाव पडले की कांद्याच्या ढिगापुढे डोक्याला हात लावून बसलेला तोच शेतकरी पुन्हा दिसतो. ईदला दोन लहान मुलं गळाभेट घेतात. ती मुलं एव्हाना कॉलेजात गेली असतील. छापून येताना मात्र ती दर वर्षी आठ वर्षांचीच असतात.

वर्तमानपत्रांकडे निदान त्यांचे स्वतःचे छायाचित्रकार असतात. पण जाहिराती, माहितीपत्रकं, कॅलेंडरं, पुस्तकांची वेष्टनं यांना लागणारे पुष्कळसे फोटो एका वेगळ्याच बाजारातून येतात. त्या बाजाराला म्हणतात स्टॉक फोटोग्राफी. वाण्याने माल भरून ठेवावा तसे हे छायाचित्रकार फोटो आधी काढून ठेवतात आणि गिऱ्हाईक मागाहून येतं. लग्नातल्या फोटोग्राफरला आपला फोटो कोणाच्या अल्बममध्ये जाणार हे ठाऊक असतं. स्टॉकवाल्याला ते कधीच कळत नाही.

हा व्यवसाय तसा जुना आहे. हिटलरच्या जर्मनीतून चित्रांनी भरलेल्या दोन ट्रंका घेऊन अमेरिकेत पोचलेल्या ऑटो बेटमन यांनी १९३६ साली न्यूयॉर्कमध्ये आपला प्रसिद्ध चित्रसंग्रह उभारला. आपल्या मुंबईत १९८७ साली जगदीश अग्रवाल यांनी दिनोदिया ही संस्था काढली, तीही काळबादेवीत, म्हणजे गिरगावच्या शेजारीच. त्या काळी पारदर्शिका असत. प्लॅस्टिकच्या खणांत घातलेल्या त्या चिमुकल्या रंगीत काचा उजेडावर धरून, भिंगातून पाहून लोक फोटो निवडत. पुढे इंटरनेट आलं. २००३ साली शटरस्टॉक निघालं आणि परळच्या खोलीत बसून काढलेला फोटो पोर्तुगालातल्या माणसाला घरबसल्या विकत घेता येऊ लागला.

माझा एक मित्र गेली तीसेक वर्षं हे काम करतो. आम्ही परळच्या एकाच शाळेत होतो. त्याचे वडील गिरणीत साचेवाले. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्याच्या वडिलांची नोकरी त्यात गेली. पोराला लालबागच्या एका स्टुडिओत पासपोर्ट फोटो कापण्याचं काम मिळालं. कात्रीवरून त्याचा हात हळूहळू कॅमेऱ्यावर गेला.

लोकांना वाटतं, हा दिवसभर गळ्यात कॅमेरा अडकवून भटकत असेल. भटकतो, पण पहाटे. चारला दादरच्या फुलबाजारात, झेंडूच्या राशींवर बल्बचा उजेड पडलेला असतो तेव्हा. एप्रिल-मे महिन्यांत लालबागच्या मिरची गल्लीत, वर्षाचा मसाला कुटून घ्यायला बायका रांग लावतात तेव्हा. नाकाला रुमाल बांधून. उरलेला दिवस संगणकापुढे जातो. दुकानाच्या पाट्या, पिशवीवरचं कंपनीचं नाव, पोराच्या टी-शर्टावरचं चिन्ह, सगळं पुसून काढायचं. त्याशिवाय जाहिरातीसाठी फोटो घेत नाहीत. एकदा मी म्हटलं, ‘असं पुसत गेलास तर एक दिवस फोटोतून लालबागच पुसलं जाईल.’ तो म्हणाला, ‘मग तर जास्त खपेल.’

त्याचं पंचांगही निराळं आहे. दिवाळीचे फोटो दिवाळीच्या कितीतरी आधी गिऱ्हाइकापुढे असावे लागतात. म्हणून बाहेर श्रावणसरी कोसळत असताना त्याच्या खोलीत आकाशकंदील लागलेला असतो आणि वहिनी चकल्या तळत असतात. शेजारची पोरं श्रावणातच फराळ खाऊन जातात. गणपतीचे फोटो तो कारखान्यांत काढतो, रंग लागायच्या आधी. डोळ्यांची आखणी व्हायची असते. तो म्हणतो, ‘त्या मूर्तीपुढे मला बरं वाटतं. ती अजून माझ्याकडे बघत नसते.’

आणि पैसे? २०२० सालच्या जूनमध्ये शटरस्टॉकने नवे दर लावले, तेव्हा एका फोटोमागचा किमान मोबदला दहा सेंटांवर आला. दहा सेंटांत दादरला वडापाव मिळत नाही.

माझा या धंद्याशी संबंध शब्दांपुरता. प्रत्येक फोटोबरोबर कीवर्ड, म्हणजे तो फोटो शोधायला उपयोगी पडतील असे शब्द द्यावे लागतात. चाळीस-पन्नासपर्यंत, आणि इंग्रजीत. मी पडलो बी.ए. आणि वर कवी. फुकट शब्द पुरवायला याहून हक्काचा माणूस कुठे मिळणार? एकदा फोटो होता चाळीच्या गॅलरीचा. कठड्यावर वाळत टाकलेली लुगडी, पाण्याचं पिंप, उंबऱ्यात रांगोळी. मी लिहिलं, ‘चाळ’. तो म्हणाला, ‘अरे, परदेशात चाळ कोण शोधणार? स्लम लिही.’ मी म्हटलं, ‘तुझ्या आईला विचार आणि मग सांग.’ आई आत तांदूळ निवडत बसली होती. त्याने काही विचारलं नाही. ‘चाळ’ राहिली. तो फोटो फारसा विकला गेला नाही, हेही सांगितलं पाहिजे.

शब्दांचं हे प्रकरण वाटतं तितकं हलकं नाही, हे आम्हाला पुढे एका फोटोने दाखवून दिलं. २००९ साली त्याने लालबागच्या एका चाळीत एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराचा फोटो काढला होता. खिडकीशी बसलेले, हातात चष्मा, तोंडावर तिरपा उजेड. रीतसर संमतिपत्र भरून घेतलं, त्यांनी मराठीत सही केली. दोन वर्षांनी तो फोटो एका पत्रकावर छापून आला. विषय होता वार्धक्यातला एकटेपणा. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघताना ते पत्रक नेमकं त्यांच्या मुलीच्या हाती पडलं. ती पत्रक घेऊन मित्राकडे आली. भांडली नाही. म्हणाली, ‘दादा, पैशांचं काही नाही हो. पण आमचे बाबा एकटे कधी होते? दहा बाय बाराच्या खोलीत आम्ही नऊ जण. तुम्ही फोटो काढत होतात तेव्हा आम्ही सगळे तुमच्या पाठीमागे उभे होतो की.’

कायद्याने कोणाचं काही चुकलं नव्हतं. संमती होती, मोबदला दिला होता, फोटो विकत घेणाऱ्याने नियमाप्रमाणे वापरला होता. पुढे ते गृहस्थ वारले. भिंतीवर लावायला चांगला फोटो हवा होता, म्हणून मुलगी पुन्हा मित्राकडेच आली. आणि घरच्यांनी निवडला तो तोच फोटो. आज त्याला चंदनाचा हार आहे. खाली नाव आहे, जन्माची तारीख आहे, मृत्यूची तारीख आहे. खिडकी तीच, चष्मा तोच, उजेड तोच. पत्रकावर ते एकाकी म्हातारे होते. भिंतीवर ते बाबा आहेत. मधला फरक फक्त नावाचा.

स्टॉकच्या धंद्यात हे नाव एकाच जागी लिहिलेलं असतं, संमतिपत्रावर. ते फायलीत जातं आणि चेहरा बाजारात जातो. माणूस ‘कोणीतरी’ राहिला तरच तो कुठेही वापरता येतो.

ही रीत मुंबईत कॅमेऱ्याच्या पाठोपाठच आली. इथली फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालची. त्यानंतर थोड्याच वर्षांत विल्यम जॉन्सन या मुंबईतल्या इंग्रज छायाचित्रकाराने इथल्या जातीजमातींचे फोटो काढले आणि १८६३ व १८६६ साली लंडनमध्ये त्यांचे दोन खंड निघाले. माणसांना एका जागी उभं करून फोटो काढले आणि मागे निराळाच देखावा चिकटवला. माणूस एकीकडचा, देऊळ किंवा समुद्र दुसरीकडचा. मथळे जमातींचे : पारशी, मेमन, खोजा. कॅमेऱ्यासमोर ताटकळत उभ्या राहिलेल्या त्या माणसांना घरी कोणी काय नावाने हाक मारत असेल, ते त्या मथळ्यांवरून कळायला मार्ग नाही. दीडशे वर्षांपूर्वीचे तेही एका अर्थी कीवर्डच.

मेमन, खोजा वाचताना मी थबकतो, कारण हा मामला माझ्याही घरचा आहे. एका वर्षी मित्राला ईदसाठी फोटो हवे होते. मला म्हणाला, ‘तूच बस ना. पण टोपी घाल.’ मी म्हटलं, ‘टोपी मी जुम्म्याला घालतो, ईदला घालतो. आज मंगळवार आहे.’ शेवटी त्याने मी जसा होतो तसा फोटो काढला. गॅलरीत स्टुलावर बसलोय, मांडीवर मराठी पेपर, बाजूला चहाचा कप. कीवर्डांची वेळ आली. मी लिहिलं : माणूस, चहा, वर्तमानपत्र, चाळ, मुंबई, मराठी, मुस्लिम. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘सगळं बरोबर आहे. पण यात मुस्लिम कुठे दिसतंय?’

त्याचा प्रश्न खोटा नव्हता. तो काही मनात ठेवून बोलणारा माणूसही नव्हे; शाळेत आम्ही एका डब्यातून जेवलो आहोत. तो धंद्याचं बोलत होता. ‘मुस्लिम’ शोधणाऱ्या गिऱ्हाइकाला टोपी हवी, दाढी हवी, मशिदीची कमान हवी. ‘मराठी’ शोधणाऱ्याला फेटा हवा, नथ हवी, ढोल-ताशा हवा. दोन्ही शब्द एकाच माणसाला लावले की गिऱ्हाईक गोंधळतं. मी तर जन्मभर त्या दोन शब्दांमध्ये बसून चहा पीत आलो आहे. मला तिथे कधी अडचण झाली नाही.

याच परळ-लालबागच्या मैदानांत ज्यांचा आवाज घुमला, ते शाहीर अमर शेख बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. लाल बावटा कलापथकात अण्णा भाऊ साठे आणि गवाणकर यांचे ते साथी, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याचा बुलंद आवाज. उद्या त्यांचा फोटो समोर आला तर कीवर्ड कोणते द्यायचे? मराठी, मुसलमान, कम्युनिस्ट, कामगार, शाहीर. एकही शब्द चुकीचा नाही. पण यांतला कुठलाही एक शब्द घेऊन शोधायला निघालात तर अमर शेख हाती लागणार नाहीत. ते नावानेच सापडतील.

आता तर माणसाचीही गरज उरली नाही म्हणतात. २०२२ पासून शब्द टाइप केले की यंत्र चित्र करून देऊ लागलं. त्याच वर्षी अडोबीच्या स्टॉक संग्रहाने अशी चित्रं तशी नोंद करून घ्यायला सुरुवात केली. ही यंत्रं शिकली कशावर? माणसांनी काढलेल्या अशाच कोट्यवधी फोटोंवर आणि त्यांच्याबरोबरच्या शब्दांवर. गेटी इमेजेस या कंपनीने २०२३ साली अशा एका यंत्राच्या निर्मात्यांवर दावा लावला, तेव्हा एक मजेशीर पुरावा पुढे केला : यंत्राने काढलेल्या काही चित्रांत गेटीचा शिक्का वेडावाकडा उमटला होता. नक्कल करताना पोराने पुढच्याचं नावसुद्धा उतरवावं, तसं झालं.

मित्राने एकदा मला करून दाखवलं. टाइप केलं, ‘मुंबईतला म्हातारा गिरणी कामगार, खिडकीशी’. दहा-पंधरा सेकंदांत म्हातारा हजर. सुरकुत्या झकास, उजेड झकास. मी विचारलं, ‘याच्या पाठीमागे कोण उभं आहे?’ तो हसला नाही.

तो आता एक वही ठेवतो. फोटोचा नंबर, माणसाचं नाव, चाळ, खोली नंबर, कुठल्या गिरणीत, कुठल्या खात्यात, घरी कोण कोण. ही वही कुठल्याही संस्थेला लागत नाही, तिचे पैसे मिळत नाहीत. मी त्याला मराठीत मजकूर लिहून देतो. इथे पन्नास शब्दांची अट नाही. चाळी पडताहेत, टॉवर उठताहेत, गिरण्यांच्या चिमण्या आम्ही बोटावर मोजतो. विकण्यासाठी काढलेल्या या फोटोंतच काही कुटुंबांच्या जुन्या घराची एकुलती एक आठवण आहे. पुनर्विकासात लांब फेकले गेलेले लोक कधी कधी शोधत येतात. वहीत नाव असलं की फोटो पाच मिनिटांत सापडतो.

तुमच्या घरीही पेटीत, कपाटाच्या वरच्या खणात, जुन्या बिस्किटांच्या डब्यात फोटो असतील. त्यांतली सगळी माणसं ओळखणारं एखादं माणूस घरात अजून असेल. या रविवारी त्यांच्याजवळ बसा. एकेक फोटो उलटा करा आणि मागे नाव लिहा, गावाचं नाव लिहा, साल आठवलं तर साल. पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहा. पेनने जोर दिला की पुढे चेहऱ्यावर वळ उठतात.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)