तिकीट, पंख्यावरचे स्टार आणि आपण
(शुक्रवार पेठ, सोलापूर येथील महिलांच्या बैठकीत केलेले भाषण)



विषय ऐकून काहीजणी हसल्या. बसचे तिकीट आणि विजेचे स्टार, यात बायकांचा प्रश्न कुठे आला? शहरातून कुंभारीला राहायला गेलेल्या बाईला विचारा. २००६ मध्ये तिथे गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायांना १०,००० घरे मिळाली. १९ जानेवारी २०२४ ला रे नगरच्या १५,००० घरांचे लोकार्पण झाले. लढून मिळवलेली घरे आहेत ही. पण घर गावाबाहेर गेले की हिशेबात दोन गोष्टी ठाण मांडतात, बसभाडे आणि लाईट बिल.

विडी घरातच वळली जाते, म्हणजे घर हाच कारखाना. मे महिन्यात मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बाईच्या डोक्यावरचा पंखा ही काही चैन नव्हे. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा. १२ तास फिरला तर महिन्याला २७ युनिट. पाच स्टारचा ३० वॅटचा पंखा तेवढ्याच वेळात ११ युनिट घेतो. महावितरणचा घरगुती दर १०० युनिटच्या पुढे चढतो, तेव्हा शंभरी ओलांडणाऱ्या घरात वाचणारे १६ युनिट महागातलेच असतात. पाच स्टारचा पंखा विकत घ्यायला महाग, हे खरेच. बचत गटातून कर्ज काढायचे तर ते यासाठी काढावे, असे माझे मत आहे.

१ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यावर स्टारचे लेबल सक्तीचे आहे. ते केंद्राचा ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो ठरवतो. आपल्या राज्यात त्या कायद्याचे काम महाऊर्जाकडे आहे. लेबल नसलेला नवा पंखा दुकानदार देऊ लागला तर घेऊ नका, पक्की पावती मागा. निकष काही वर्षांनी कडक होतात, म्हणून लेबलावरचे सालही वाचा.

गंमत पाहा. पंख्याला स्टार सक्तीचे, पण ज्या छताखाली तो फिरतो त्या छताला नाहीत! घरांसाठीही केंद्राची स्टार योजना आहे, पण ती ऐच्छिक. घर किती तापेल हे लिहून देण्याचे बंधन घर बांधणाऱ्यावर नाही. ते ऊन सोसते दिवसभर घरात असणारी बाई.

आता बस. १७ मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला निम्मे भाडे आहे. पण ही सवलत एसटीची. महापालिकेच्या सिटी बसला ती लागू नाही. रस्ता एकच, नियम दोन. आपल्यातल्या बऱ्याचजणींचे माहेर विजापूर, आळंद, अफजलपूरकडे. एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंत चालते. पलीकडे कर्नाटकात ११ जून २०२३ पासून बायकांना मोफत प्रवास आहे, पण तो तिथल्या रहिवासी बायकांना. म्हणजे लेक सासरी सोलापूरला आली की माहेरच्या वाटेवर ती दोन्हीकडची पाहुणी!

सवलतीचे तिकीट मात्र मागून घ्याच. सरकार एसटीला सवलतीची रक्कम देते ती तिकिटांच्या हिशेबावर. कंडक्टरने पैसे घेतले आणि तिकीट दिले नाही, तर तुमचा प्रवास कुठेच नोंदला जात नाही. मग फेरी बंद करायला ‘प्रवासीच नाहीत’ हे कारण तयार असते.

आणखी एक फरक लक्षात घ्या. विजेचे दर ठरवताना २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे प्रस्ताव जाहीर करावा लागतो, लोकांच्या सूचना-हरकती आयोगाला विचारात घ्याव्या लागतात. एसटीचे भाडे २५ जानेवारी २०२५ पासून १४.९५ टक्क्यांनी वाढले. ते राज्य परिवहन प्राधिकरणाच्या बैठकीत ठरले, कळले आपल्याला ते बसमध्ये चढल्यावर. विजेच्या सुनावणीत तरी आपल्यातल्या किती बोलल्या? तिथे उद्योगवाले बोलतात, ग्राहक संघटना बोलतात. विडी वळणारी बाई नसते. जो हक्क आहे तो वापरायचा, आणि तसाच बसभाड्यासाठी मागायचा, असे मला वाटते.

पुढच्या बैठकीला येताना महिन्याभराची तिकिटे आणि शेवटचे लाईट बिल घेऊन या. वाचता येत नसेल तरी आणा, आपण एकत्र बसून वाचू. त्यावरूनच दोन अर्ज लिहू, एक आयोगाला आणि एक परिवहन प्राधिकरणाला.