थोरलीचे ऋण

(सातपूर येथील महिला मेळाव्यात केलेले भाषण)



लता मंगेशकरांची गाणी आपण सगळ्याच ऐकत आलो. आज मला बोलायचं आहे ते त्या मोठ्या होण्याआधीच्या सात वर्षांबद्दल. त्यांच्या पाठच्या बहिणीनं, मीना खडीकरांनी, २०१८ साली ‘मोठी तिची सावली’ हे आठवणींचं पुस्तक काढलं. थोरल्या बहिणीचं कर्ज धाकटीनं असं चारचौघांत मांडावं, हे आपल्याकडे विरळाच.

२४ एप्रिल १९४२ ला पुण्यात मास्टर दीनानाथ गेले. मागे आई आणि पाच भावंडं. लता तेराव्या वर्षात होत्या. मीना दहा वर्षांच्या, आशा आठ, उषा सहा, तर हृदयनाथ अवघे चार. मास्टर विनायकांच्या मदतीनं त्याच वर्षी लता ‘पहिली मंगळागौर’मध्ये उभ्या राहिल्या. तोंडाला रंग लावून अभिनय करणं आवडत नव्हतं, हे त्यांनी पुढे मोकळेपणानं सांगितलं. पण घर चालवायचं होतं. १९४७ मध्ये विनायकही गेले. १९४९ मध्ये ‘महल’ आला आणि ते गाणं घराघरांत पोचलं. पण सुरुवातीच्या तबकडीवर गायिकेचं नाव काय होतं? ‘कामिनी’, म्हणजे सिनेमातल्या पात्राचं! राबणारी एक, नाव दुसरीचं. हे आपल्याला नवीन आहे का?

आपण याला ‘त्याग’ म्हणतो आणि हात जोडतो. हात जोडले की प्रश्न विचारावे लागत नाहीत. कमावता पुरुष गेला की तेरा वर्षांच्या मुलीनं उभं राहायचं, हे कुणी ठरवलं? लताबाईंचं नाव झालं म्हणून ती कहाणी आपल्यापर्यंत आली. श्रमिकनगर, अशोकनगरमधल्या ज्या थोरल्या मुली शाळा सोडून धाकट्यांना सांभाळतात, घरी आणलेलं पॅकिंगचं काम करतात, त्यांच्या कहाण्या कोण लिहिणार?

कायद्याचं म्हणाल तर चौदा वर्षांपर्यंतचं शिक्षण हा हक्क आहे. पण बालकामगार कायद्यात २०१६ ला दुरुस्ती झाली, तेव्हा घरच्या धंद्यात शाळेच्या वेळेबाहेर मदत करायला मुभा ठेवली. पडद्यावर काम करणाऱ्या मुलांनाही अटी घालून सूट दिली. आता ‘घरची मदत’ कुठं संपते आणि मजुरी कुठं सुरू होते, हे उंबऱ्याच्या आत कोण बघणार? ते आपल्यालाच बघावं लागेल.

म्हणून प्रत्येक गटानं आपापल्या गल्लीत तीन गोष्टी विचाराव्यात. थोरलीची शाळा सुटली आहे का? तिच्या कामाचे पैसे कुणाच्या हातात जातात? तिनं पैसे घातलेल्या घराच्या कागदावर तिचं नाव आहे का?

आणि ज्या धाकट्या इथं बसल्या आहेत, त्यांना एक सांगणं. ताईच्या जिवावर शिकलात, तर ते बोलून दाखवा. नुसतं राखीपौर्णिमेला, भाऊबीजेला नको. वाटणीच्या वेळी बोला, भावांच्या समोर बोला. थोरलीची आठवण काढणं चांगलंच. तिचा हिस्सा तिला मिळवून देणं त्याहून चांगलं.