जर्नैलसिंगचा गोल आणि बाकीची दहा वर्षं

४ सप्टेंबर १९६२. जकार्ताचं सेनायन स्टेडियम. आशियाई क्रीडास्पर्धेतल्या फुटबॉलचा अंतिम सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. सतराव्या मिनिटाला पी. के. बॅनर्जीने गोल केला आणि तीनच मिनिटांनी, विसाव्या मिनिटाला, दुसरा गोल झाला. हा दुसरा गोल ज्याने मारला त्याच्या डोक्यावर जखमेचे टाके होते. कोरियाने सामना संपता संपता एक गोल परत केला, त्यामुळे निकाल २-१ लागला. म्हणजे हिशेबाने सुवर्णपदक आणून देणारा गोल तो दुसराच. मारणारा होता जर्नैलसिंग धिल्लाँ.

ही गोष्ट फुटबॉलच्या रसिकांना ठाऊक होतीच. अलीकडे ‘मैदान’ नावाचा हिंदी चित्रपट आला आणि फुटबॉल न पाहणाऱ्या घरांतही ती पोचली. पण तिच्यात एक गंमत आहे, आणि थोडा अन्यायही. जर्नैलसिंग गोल मारणारा खेळाडू नव्हताच. तो बचावपटू होता, त्या काळच्या भाषेत स्टॉपर. उभी कारकीर्द त्याने गोल थांबवण्यात घालवली आणि लोकांच्या लक्षात राहिला तो आपली जागा सोडून पुढे खेळला त्या दोन सामन्यांमुळे.

जन्म १९३६ चा, तेव्हाच्या लायलपूर भागातला. आज ते शहर फैसलाबाद म्हणून पाकिस्तानात आहे. फाळणी झाली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. कुटुंब सीमेच्या अलीकडे आलं आणि होशियारपूर जिल्ह्यातल्या पनाम गावी स्थिरावलं. जवळच माहिलपूर. पंजाब म्हटलं की आपल्याला हॉकी आठवते, कुस्ती आठवते. माहिलपूरने मात्र फुटबॉलचं वेड घेतलं. तिथल्या खालसा कॉलेजचे प्राचार्य हरभजनसिंग यांनी या खेळाला असं बळ दिलं की आजही त्यांच्या नावाने तिथे स्पर्धा भरते. जर्नैलसिंग या कॉलेजचा विद्यार्थी.

पण त्या काळी फुटबॉलमध्ये नाव काढायचं तर एकच शहर होतं, कलकत्ता. १९५८ साली तो तिथल्या राजस्थान क्लबकडून खेळला आणि पुढच्याच वर्षी मोहन बागानने त्याला घेतलं. त्यानंतर तो १९६८ पर्यंत तिथेच राहिला. याचं मोल कळायला कलकत्त्याची रीत ठाऊक हवी. दरवर्षी क्लब बदलण्याचा हंगाम यायचा. मोहन बागान, ईस्ट बंगाल, मोहमेडन स्पोर्टिंग एकमेकांचे खेळाडू पळवायचे, आणि आपला खेळाडू दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून त्याला कुठेतरी नेऊन लपवायचेसुद्धा. अशा गावात पंजाबहून आलेला एक सरदार दहा हंगाम एकाच क्लबात टिकला. या काळात मोहन बागानने कलकत्ता लीग सहा वेळा जिंकली आणि १९६३, ६४, ६५ असा सलग तीनदा ड्युरँड चषक नेला. रोव्हर्स चषकासाठी हा क्लब मुंबईला यायचा तेव्हा कूपरेजच्या बाकांवर जागा मिळणं कठीण व्हायचं.

आता स्टॉपर म्हणजे काय, ते जरा थांबून पाहू. कारण मुद्दा तिथेच आहे. जुन्या पद्धतीत मागे दोन बॅक, त्यांच्या पुढे तीन हाफ बॅक आणि आघाडीला पाच जण असायचे. समोरच्या संघाचा सेंटर फॉरवर्ड मधूनच धावत सुटला तर त्याला नेमकं कोणी धरायचं, यात घोटाळा व्हायचा. नव्या पद्धतीने मधला एक माणूस मागे खेचला आणि त्याला सांगितलं, हा पुढचा तुझा. तो स्टॉपर. हवेतून येणारा प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा, जमिनीवरून येणारा पायाने हिसकावायचा, आणि चुकलं तर पाठीशी गोलकीपरखेरीज कोणी नाही. आघाडीवाल्याने नऊ संधी वाया घालवून दहावी साधली तर त्याला खांद्यावर घेतात. स्टॉपरने नऊ वेळा अडवून दहाव्यांदा चूक केली तर तो खलनायक.

जर्नैलसिंग अंगापिंडाने मजबूत होता. लांबून घसरत येऊन चेंडू हिसकावणं ही त्याची खासियत, आणि कलकत्त्याच्या पावसाळी चिखलात ते तंत्र जपून वापरलं नाही तर समोरच्याचा पाय मोडतो. त्याचा टॅकल कडक असे, पण तो चेंडूवर जाई. मग चेंडू मिळाला की लांब, उंच फटका थेट समोरच्यांच्या अर्ध्या मैदानात. हे सगळं कुठे नोंदलं गेलं? कुठेही नाही. धावफलकावर गोल मारणाऱ्याचं नाव येतं, गोल न होऊ देणाऱ्याचं येत नाही. तेव्हा सामन्यांचं चित्रीकरणही क्वचितच होई. म्हणून बचावपटूची कारकीर्द सांगायची तर त्याच्या समोर कोण कोण उभं होतं, ते पाहणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग.

तसं पाहिलं तर १९६० चं रोम ऑलिंपिक महत्त्वाचं ठरतं. भारताच्या गटात हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. ला’क्विलाच्या मैदानावर हंगेरीविरुद्ध भारत १-२ असा हरला. त्या हंगेरीकडे फ्लोरियान आल्बर्ट होता. दुसरा गोल त्यानेच मारला आणि सात वर्षांनी युरोपातला सर्वोत्तम फुटबॉलपटू म्हणून त्याचीच निवड झाली. फ्रान्सला भारताने १-१ असं रोखलं. पेरूकडून मात्र १-३ अशी हार झाली आणि संघ गटातूनच परतला. आठच वर्षांपूर्वी हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ असं धुतलं होतं. दहा गोल खाणारा संघ ब्राँझपदक मिळवणाऱ्या हंगेरीला दोनच गोल देतो, याचं श्रेय बचावाला द्यायचं नाही तर कोणाला?

आणि मग जकार्ता. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. दुसऱ्यात थायलंडवर ४-१ विजय, पण त्याच सामन्यात जर्नैलसिंगचं डोकं फुटलं, टाके घालावे लागले. बदली खेळाडू उतरवायची सोय त्या काळात नव्हती. विश्वचषकातसुद्धा ती १९७० साली आली. जपानला २-० असं हरवून भारत उपांत्य फेरीत पोचला. आता प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांच्यापुढे पेच पडला. हैदराबादचे हे शाळामास्तर. टाके घातलेलं डोकं घेऊन स्टॉपर म्हणून खेळायचं म्हणजे समोरच्यांनी टाकलेला प्रत्येक उंच चेंडू जखमेवर झेलायचा. पण असला दणकट माणूस बाहेर बसवणंही परवडणारं नव्हतं. रहीमसाहेबांनी त्याला उचलून सेंटर फॉरवर्डच्या जागी टाकलं. तर्क साधा आहे. पुढे खेळणारा माणूस कुठल्या चेंडूसाठी उडी घ्यायची ते स्वतः ठरवतो. मागे खेळणाऱ्याला ती निवड नसते. शिवाय स्टॉपर काय करतो हे स्टॉपरइतकं कोणाला ठाऊक? जर्नैलसिंगने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध एक गोल केला, दोन कर्णधार चुनी गोस्वामीने केले आणि भारत ३-२ असा जिंकला.

अंतिम सामन्याच्या दिवशी वातावरण तापलेलं होतं. यजमान इंडोनेशियाने इस्राएल आणि तैवानच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला होता. भारताचे क्रीडाधुरीण गुरुदत्त सोंधी यांनी त्याला जाहीर आक्षेप घेतला. त्याचा राग असा पेटला की ३ सप्टेंबरला जमावाने जकार्तातल्या भारतीय दूतावासावर हल्ला चढवला. दुसऱ्या दिवशी स्टेडियममधले जवळपास लाखभर प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते, राष्ट्रगीताच्या वेळीसुद्धा. पाकिस्तानचे हॉकीपटू तेवढे आपल्या बाजूने आवाज देत होते, अशी आठवण भारतीय खेळाडू पुढे सांगत असत. त्या गोंगाटात विसाव्या मिनिटाचा तो गोल झाला. पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले.

इथे आणखी दोन नावं घेतली पाहिजेत. त्या संघाच्या मधल्या फळीत फोर्तुनातो फ्रँको होता, गोव्याच्या कोलवाळचा, मुंबईत वाढलेला आणि टाटांच्या संघातून खेळलेला. आणि जर्नैलसिंग पुढे गेल्यावर त्याची रिकामी जागा सांभाळली ती अरुण घोष या विशीतल्या बंगाली पोराने. चित्रपट पाहून आलेल्या कोणालाही विचारा, अंतिम सामन्यात स्टॉपर कोण होता? दहांपैकी नऊ जण जर्नैलसिंगच म्हणतील. बचावपटूच्या नशिबी हे असं असतं. घोषने ऐंशीहून जास्त मिनिटं कोरियाला एकही गोल करू दिला नाही, पण त्यावर कोणी चित्रपट काढणार नाही. सरकारने तेवढी दखल घेतली: अर्जुन पुरस्कार १९६४ साली जर्नैलसिंगला मिळाला आणि १९६५ साली अरुण घोषला.

१९६४ सालीच इस्राएलमध्ये झालेल्या आशिया चषकात भारत उपविजेता ठरला. त्यानंतर १९६५ ते ६७ जर्नैलसिंग भारताचा कर्णधार होता आणि याच काळात आशियातल्या निवडक खेळाडूंच्या संघाचंही नेतृत्व त्याच्याकडे आलं. आज जपान, कोरिया, इराणपुढे आपण कुठे आहोत ते आठवलं की या गोष्टीचं वजन कळतं. बचावपटूला असा मान मिळणं तेव्हाही नेहमीचं नव्हतं.

पैशाचं विचाराल तर सांगण्यासारखं फारसं नाही. त्या काळी भारतात फुटबॉल हा कागदोपत्री हौशी खेळ. रेल्वे, कस्टम्स, पोलीस, गिरण्या, कंपन्या यांच्या नोकऱ्यांवर खेळाडूंचं घर चालायचं आणि क्लब हातावर टेकवतील ते वेगळं. सराव, दुखापत, वर्षभराचे सामने मात्र पूर्णवेळ खेळाडूचेच. देशातली राष्ट्रीय लीग सुरू झाली १९९६ साली, तेव्हा जर्नैलसिंगने साठी गाठली होती.

मोहन बागाननंतर तो पंजाबला परतला. १९७० साली खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी त्याने पंजाबला राज्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा संतोष करंडक मिळवून दिला. १९७४ साली तो निव्वळ प्रशिक्षक होता, आणि त्या वर्षी जालंधरच्या अंतिम सामन्यात पंजाबने बंगालला ६-० असं लोळवलं. ज्या बंगालने त्याला मोठं केलं त्याच बंगालला! पंजाबच्या इंदरसिंगने त्या स्पर्धेत २३ गोल केले. म्हणजे स्टॉपरच्या हाताखालच्या संघाने गोलांचा पाऊस पाडला. पुढे तो पंजाब सरकारचा क्रीडा संचालक झाला. ऑक्टोबर २००० मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हर इथे त्याचं निधन झालं.

भारताचा आजवरचा सर्वोत्तम संघ निवडायला कोणी बसलं की गोलकीपर कोण, आघाडीला चुनी की बलराम की छेत्री, यावर रात्र सरते. बचावाच्या मधल्या जागेसाठी इतका वेळ घालवायची गरज नाही. तिथे पहिलं नाव जर्नैलसिंगचं लिहावं, त्याच्या शेजारी अरुण घोषचं, आणि मग खुशाल आघाडीवर भांडावं.